काळ्याच्या पोटातले रंग

"काळ्याने बाकीचे सगळे रंग गिळलेत, असं तुम्हीच म्हणालात ना आजोबा? मग आता त्याला ओकायला लावू," असं म्हणून नातीने पाण्याचा ग्लास टेबलावर आपटला.

पेंटरआजोबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि त्याहून जास्त वर्षं थापा मारल्या. पाट्यांचा रंग अधूनमधून उडाला, थापांचा म्हणून कधी उडाला नाही. पण यंदा नात तिसरीत गेली, तिच्या पुस्तकात 'करून पाहा' नावाची चौकट आली, आणि घराला साडेसाती लागली. लाल कागदाने झाकलेलं दूध लवकर नासतं, हे तिने करून पाहिलं. लाल कागदाखालचं आणि निळ्या कागदाखालचं, दोन्ही कपांतलं दूध एकाच वेळी नासलं. पांढऱ्या मांजराला आठवडाभर गाजर चारलं की ते नारिंगी होतं, हेही करून झालं. मांजराने गाजर हुंगलंसुद्धा नाही. वहीत दोन फुल्या पडल्या. तिसरी पडली की गोष्टी बंद. तसा नियमच तिने केला होता. पुढे झोपताना ती पुस्तकातलं वाचणार, तेही मनातल्या मनात.

आजोबा वरवर हसत होते. सगळे रंग एकत्र कालवले की काळपट चिखल होतो, हे कुठलाही पेंटर सांगेल. पण एकदा गिळलेलं परत बाहेर आलेलं त्यांनी बापजन्मात पाहिलं नव्हतं. ती गोष्ट त्यांनी दात घासता घासता रचली होती.

शेजारची जुळी साक्षीदार म्हणून एकाच खुर्चीवर अर्धी अर्धी बसली होती. नातीने टिपकागदाची पट्टी कापली. आजोबांनी थाटात आपलं खास पेन काढलं. पाटीवरच्या अक्षरांना कडा मारायचं, काळंकुळकुळीत. पुरात दुकान वाहून गेलं पण पाटी राहिली, अशी त्याची ख्याती. (हे मात्र खरं होतं.) त्यांनी पट्टीच्या तळापासून दोन बोटं वर एक झोकदार रेघ ओढली, नातीने पट्टी पेन्सिलीला चिकटवून ग्लासात लोंबत सोडली. टोक तेवढं पाण्यात.

पाणी कागदावर चढू लागलं. रेघेपाशी आलं. रेघ ओलांडून वर गेलं.

रेघ जागच्या जागी. काळी ती काळीच.

"नाही ओकला," एक जुळा म्हणाला.

"पचलं असेल," दुसरा म्हणाला.

आजोबांनी मान खाली घातली. आयुष्यात एकच वस्तू त्यांनी खरी पक्की वापरली, आणि ऐन वेळी तीच उलटली! नातीने वही उघडली, लाल पेन्सिल उचलली. आजोबांकडे मात्र तिने पाहिलं नाही. पेन्सिलीचं टोक कागदाच्या वर घुटमळत राहिलं.

"एकदा करून थांबतात होय गं?" पलंगाकडून आवाज आला. सूनबाई तिथे धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. सासऱ्यांच्या गोष्टींना ती लग्नापासून 'पुड्या' म्हणत आली होती, त्यामुळे आजोबांनी मान आणखीच खाली घातली. "पेन बदलून बघ. दप्तरातलं ते टोपण चावलेलं घे."

"ते? ते तर दहा रुपयांना डझनभर मिळतं," आजोबा म्हणाले. सवयच ती.

"बाबा, तुम्ही जरा गप्प बसा."

नवी पट्टी, नवी रेघ. पाणी पुन्हा चढलं. रेघ भिजली, तिच्या कडा विरघळल्या, आणि काळ्याच्या पोटातून हळूच जांभळट ओल बाहेर आली. मग गुलाबी. आणि सगळ्यांच्या पुढे, शाळा सुटल्यासारखा, निळा पळत सुटला.

"ओकला!" जुळी ओरडली आणि दोघंही खुर्चीवरून पडली.

नातीने वहीत एवढी मोठी बरोबरची खूण केली की ती शेजारच्या दोन्ही फुल्यांवरून गेली. मग ती आजोबांच्या गळ्यातच पडली. "मला वाटलंच होतं!" ती त्यांच्या कानात म्हणाली.

"मग! मी काय सांगत होतो?" आजोबा म्हणाले. आवाज जरा पातळ निघाला.

"पण तुमच्या पेनातून का नाही आले?"

"ते पेन चेंगट आहे. गिळलेलं सोडत नाही."

"लिहून ठेवते," नात म्हणाली. "उद्या बघू."

मुलं पट्ट्या फडकवत अंगणात पळाली, तेव्हा कुठे आजोबांचा जीव भांड्यात पडला. प्रयोगाच्या ग्लासातलं पाणी ते घटाघटा पिणारच होते, सुनेने दुसरा ग्लास पुढे केला. ते पलंगाच्या कडेला टेकले.

"तुला गं कसं ठाऊक, त्या पेनात काय काय आहे ते?"

सुनेने ढिगातून शाळेचा एक शर्ट ओढला आणि त्यांच्या मांडीवर टाकला. "हिचे खिसे कोण धुतं, बाबा? दोन वर्षं रोज बघतेय, काळ्यातून काय काय निघतं ते." मग उशीचा अभ्रा झटकत ती म्हणाली, "आणि पुड्या जरा बेतानं सोडा. दर वेळी माझ्याकडे पेन असेलच असं नाही."

खिशावर एक डाग होता, धुऊन धुऊन फिका पडलेला. मध्ये गुलाबी, भोवती निळी कड. आजोबांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, मग शर्टाची नीट चौकोनी घडी घातली. खिसा वर ठेवून.