पांढऱ्या झेंड्या

बहिणीच्या स्कूटरचा आवाज वळणापलीकडे विरला, तशी त्याने युरियाची बादली उचलली आणि तो पांढऱ्या झेंडीच्या पट्ट्यात शिरला.

गहू घोट्याएवढा झाला होता. मूठ भरून दाणे फेकत तो भराभर पुढे सरकत होता आणि सारखा मागे वळून रस्त्याकडे पाहत होता. आठवड्यातून दोनदा ती कॉलेजात शिकवायला जायची. तेवढाच वेळ त्याला मिळायचा.

प्रयोग तिचा होता. सगळं शेत लांबच लांब पट्ट्यांत विभागलेलं, कुठे किती खत पडायचं त्याचा नकाशा तिच्या टॅबमध्ये. उपग्रहाच्या खुणेवर चालणाऱ्या यंत्राने एका पट्ट्यात नेहमीचं खत टाकलं, शेजारच्या पट्ट्यात त्याच्या निम्मं. ट्रॅक्टरवर ती एकटीच बसली होती. पूर्ण खताला लाल झेंडी, अर्ध्याला पांढरी, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

विहिरीच्या पाण्यात खत उतरलं होतं. घरात प्यायचं पाणी कॅनमधून यायचं. अर्ध्या खतावर तेवढाच गहू आला, तर आजूबाजूचे शेतकरीही खत निम्म्यावर आणायला तयार होते.

एकटा तोच विरोधात होता. बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, शेत म्हणजे तुझी प्रयोगशाळा नव्हे. बघतोच मी, कसा येतो गहू."

"बघ की," ती म्हणाली. "पण लांबून. पट्ट्यांत पाय ठेवायचा नाही."

"भावावर नजर ठेव गं," शेजारच्या रानातले काका हसत म्हणाले.

खत टाकून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने तिला बांधावर पाहिलं. झेंड्यांचा गठ्ठा काखेत धरून ती कितीतरी वेळ नुसतीच उभी होती. लग्न मोडून एका पिशवीनिशी घरी आली, तेव्हा दारात अशीच उभी होती. हिचा धीर सुटलाय, त्याला वाटलं. हे फसलं तर ही पुन्हा कशातच मन घालायची नाही.

त्याच आठवड्यात त्याने पहिली बादली भरली.

"पोतं इतक्यात संपलं कसं?" बायकोने विचारलं.

"उंदरांनी फोडलं."

"उंदीर युरिया खायला लागले? मग त्यांचंही निम्म्यावर आणा."

तो हसला नाही. त्याला अन्न गोड लागत नव्हतं. कोणी मागून हाक मारली तरी दचकायचा. पांढरे पट्टे गडद हिरवे झाले, तेव्हा आधी बरं वाटलं, मग भीती वाटली. इतके हिरवे झाले तर तिला शंका येणार नाही?

ओंब्या भरत आल्या असताना एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला आणि नेमके पांढरे पट्टे, खत जास्त झालेल्या गव्हासारखे, आडवे झाले. लाल पट्टे ताठ उभे. तो धावत शेतावर गेला, तर ती आधीच तिथे.

"वाऱ्याला बरे हेच सापडले," तो कसाबसा म्हणाला.

"हेच पडायचे होते," ती म्हणाली. फोटो काढले आणि निघून गेली.

टोमणा होता की काय, हे त्याला ठरवता येईना. कळलं असतं तर ती बोलली असती. की मुद्दामच बोलत नव्हती?

कापणीला हार्वेस्टर आला. कापता कापताच कुठल्या जागी किती धान्य भरलं, ते त्याच्यावरचं यंत्र मोजत होतं. नकाशा तयार झाल्यावर सगळे शेडमध्ये जमले. टॅब हातोहात फिरला. सगळं शेत एकाच रंगाचं. कुठला पट्टा कुठे संपतो तेही ओळखू येईना.

"जिंकलीस पोरी," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी माझ्या सगळ्या रानात निम्मंच. दुकानात आजच सांगून टाकतो."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. तो कोपऱ्यात उभा राहून एकच पाना पुन्हा पुन्हा पुसत होता. काकांचं रान डोळ्यांसमोर येत होतं, पिवळं पडलेलं, खुरटलेलं. त्यांचं अख्खं घर त्या रानावर चालत होतं.

काका दारापर्यंत पोचले.

"थांबा काका," तो म्हणाला. पाना त्याच्या हातातून निसटला. "मी खत टाकलंय. अर्ध्याच्या पट्ट्यांत, हाताने. ताई कॉलेजला गेली की टाकायचो. हा नकाशा खोटा आहे."

वरचा पत्रा उन्हाने कडकडला.

"कोणत्या पट्ट्यांत?" बहिणीने विचारलं.

"पांढऱ्या."

"सगळ्या?"

"एकही सोडला नाही."

"आणि लालमध्ये?"

"तिथे कशाला टाकू?" त्याचा आवाज चिरकला. "तू हरू नयेस म्हणून टाकलं, ताई."

ती खाली पोत्यावर बसली. चेहऱ्याचा रंग उडाला होता. आता ही रडणार, त्याला वाटलं.

"पांढऱ्या झेंड्या पूर्ण खताच्या पट्ट्यांत होत्या," ती म्हणाली. "मी उलट्या लावल्या होत्या. खरं काय ते फक्त टॅबमध्ये आहे."

काकांना उमजायला क्षणभर लागलं. मग ते हसत सुटले. "म्हणजे पोटभर जेवलेल्यालाच तू आग्रह करकरून वाढत होतास! आणि तरी तो अर्धपोटी गड्याच्या पुढे जाईना!"

सगळे हसले. त्याचाही किती दिवसांचा अडकलेला श्वास सुटला. नकाशा खरा होता. ती जिंकली होती. तो स्वतःच्या वेडेपणावर हसत तिच्याजवळ गेला.

"पण ताई, उलट्या लावल्यास कशाला?"

ती हसत नव्हती. तिने टॅब मांडीवर पालथा ठेवला.

"मला वाटलं, मला हरवायला तू लालमध्ये खत वाढवशील. तुला पकडायला."