ओट्याचं माप

"ओटा केवढा उंच घ्यायचा?" गवंड्याने विचारलं. भाड्याने द्यायच्या फ्लॅटचं सगळं काम शैलाताई कंत्राटदाराशिवाय स्वतःच करून घेत होत्या.

"भाडेकरू बाई उंच असेल की बुटकी, मला काय माहीत?"

"मग तुम्हीच उभ्या राहा." त्याने त्यांच्या कोपराखाली भिंतीवर रेघ मारली.

घरचा ओटा ठेंगण्या सासूबाईंच्या मापाचा. लग्नापासून शैलाताई त्यावर वाकूनच पोळ्या लाटत होत्या.

काम संपलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या पोळ्या नव्या ओट्यावर केल्या. शेवटची झाली तरी हात कमरेवर गेला नाही.

नवरा जेवत असताना एजंटचा फोन आला. "भाडेकरू मिळालाय, मॅडम. घर कधी देताय?"

"आठवडाभर थांबा," शैलाताई म्हणाल्या. "आम्ही राहतो ते रिकामं करायला तेवढा वेळ लागेल."