आधीचा आकडा

दवाखान्यातल्या मदतनीस शालूने ऑक्सिजन मोजायचा चिमटा म्हाताऱ्याच्या बोटावरून काढला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि खुंटीला अडकवला. म्हातारा चपला घालून निघून गेला. पडद्यावरचा आकडा तसाच राहिला. सत्त्याण्णव.

शेजारी नवा प्रिंटर जोडत बसलेल्या संचिताचे हात थांबले. तिने यंत्राची यूएसबी वायर कॉम्प्युटरमधून उपटून हातात घेतली. तरीही सत्त्याण्णव.

यंत्राचं म्हणणं कॉम्प्युटरला समजावणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिनेच लिहिलेला. यंत्र जुनं, बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, आणि ठाकुर्लीच्या या दवाखान्यातल्या नव्या कॉम्प्युटरला ते ओळखू येईना. संचिता ठाण्याच्या कंपनीत हेच काम करायची. डॉक्टरांनी तिला लहानपणापासून औषध दिलेलं, म्हणून चार रविवार बसून तिने यंत्राची भाषा शोधून काढली होती. यंत्र अधूनमधून उत्तर द्यायला चुकायचं, पडद्यावर नुसत्या रेघा यायच्या आणि पेशंट घाबरायचे. तेव्हा तिने एक ओळ घातली. उत्तर आलं नाही, तर आधीचा आकडा दाखव. दोन सेकंदांपुरतंच, असं मनात होतं. ते दोन सेकंद लिहायचे राहून गेले.

तिने हळू आवाजात विचारलं, वायर कधी ढिली झाली होती का.

"काल चार वाजता झालेली ना. मी टेप लावली," शालू म्हणाली. "तेव्हापासून बघा ताई, एकदम मस्त चालतंय. एक रेघ नाय आली."

कॉम्प्युटर रात्री बंद करत नाहीत, हेही तिनेच सांगितलं. सुरू व्हायला फार वेळ घेतो म्हणून.

संचिताने वही पुढे ओढली. काल चारपासून आज साडेअकरापर्यंत एकवीस नावं. प्रत्येकापुढे शालूच्या गोल अक्षरात ९७. शालू वाकून बघायला लागली, आधी हसली, मग तिने वहीवरचा हात काढून घेतला.

तपासणीच्या कापडी पडद्याआड डॉक्टर कुणाला तरी पथ्य समजावत होते. वायर बदलायची, एक ओळ दुरुस्त करायची. पाच मिनिटांचं काम. कुणी विचारलंही नसतं. संचिताची बोटं कीबोर्डवर होती. ती उठली आणि पडदा बाजूला केला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. फक्त वही मागितली आणि एकेका नावावरून बोट खाली नेत गेले. सर्दी, गुडघे, पुन्हा सर्दी. नवव्या नावावर बोट थांबलं. जनाबाई, खाडीकडच्या कोळीवाड्यातली. खोकला आहे, दम लागतो म्हणून काल सहा वाजता आली होती.

"ओठ मला निळसर वाटले होते," डॉक्टर म्हणाले. "मग मी आकडा बघितला."

पुढे काय सांगितलं तेही त्यांनी सांगितलं. औषध दिलं, घरी जाऊन स्वस्थ पड म्हटलं. मुलगा सोबत होता. हॉस्पिटलमध्ये दाखल करायचं का, असं तो दोनदा विचारत होता.

शालूने नंबर लावला. बराच वेळ रिंग गेली. मग तिने दोन-तीनदा नुसतं हं म्हटलं आणि फोनवर तळहात ठेवला.

"तिचा मुलगा आहे, प्रणित. आई रात्री खोकलीच नाय म्हणतो. अजून झोपलीय." तिने कुणाकडेच बघितलं नाही. "उठवू का, विचारतोय."