नंबर टाकलेली फुलं

पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठावरची मालगुजाराची पडीक कचेरी जशी होती तशीच पुन्हा उभी करायची, हे वीरेंद्रनं मनावरच घेतलं होतं. दारावरच्या कमानीची मुठीएवढी पस्तीस दगडी फुलं त्यानं एकेक करून उतरवली, घासूनपुसून धुतली, कोणतं कुठं बसवायचं ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर लाल ऑइलपेंटानं नंबर टाकला आणि ऊन पाहून नदीकाठी वाळत ठेवली. कामाच्या नादात, उद्या गोटमार, म्हणजे दोन्ही काठांवरच्या गावांनी एकमेकांवर दगड फेकायची जत्रा आहे, हे काही त्याच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून दगड सुटू लागले, आणि या काठावरच्या लोकांनी पहिला हात घातला तो त्याच आयत्या ढिगात. वीरेंद्र धावत पोहोचला, तोच समोरून एक दगड आला अन् थेट त्याच्या कपाळावर बसला.

"अहो, डोकं फुटलं ना तुमचं! किती रक्त वाहून राहिलं, चला दवाखान्यात!" मागोमाग आलेली त्याची बायको पूनम किंचाळली.

वीरेंद्रनं खाली पडलेला दगड उचलून उलटा करून पाहिला.



"अठरा नंबर! अवो, मधलंच फूल सापडलं! तू हे नीट धरून ठेव, मी जरा समोरच्या काठावर उभा राहून येतो."