लेमची फेक

"नाबाद!" पंच ओरडला, आणि डिनी गेरेटीने हातातला चेंडू मातीत आपटला.

बेसबॉलमध्ये चेंडू फलंदाजाआधी बेसवर पोचला तरच तो बाद; हा फलंदाज डिनीच्या पहिल्या बेसवर केव्हाच पोचला होता. लेमने फेकलेला चेंडू त्याच्या मागून आला, रमतगमत.

"काय रे लेम, जेवला नाहीस का? माझी म्हातारी कोंबड्यांना दाणेसुद्धा याच्याहून जोरात टाकते!" डिनी ओरडला.

लोक खदखदून हसले. लेम व्हिटकॉम्ब मान खाली घालून दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधल्या आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

डिनीचा संताप संताप होत होता. सूतगिरणीतून काढून लेमला या संघात त्यानेच आणलं होतं. तेव्हा लेमचा चेंडू गोळीसारखा यायचा. यंदा सामन्यामागून सामना हातचा जात होता, आणि इतके हंगाम पहिला बेस राखलेला डिनी नुसता बघत राहत होता. उघड्या हातांनी झेल घेऊन घेऊन त्याची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी झाली होती. पण हातमोजे घालायचे ते बायकांनी. त्याने कधी हूं की चूं केलं नव्हतं.

डाव संपल्यावर कप्तान थॅड क्रोनिन बाकाजवळ आला. "लेम, उद्यापासून तू घरी. माझा नाइलाज आहे."

लेमने नुसती मान डोलावली. त्यानेच डिनी जास्त भडकला.

"अरे, तोंड शिवलंय का तुझं? निदान आज तरी एकदा जीव तोडून फेक!"

लेमने त्याच्या हातांकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की म्हणजे? फेक!"

पुढच्याच डावात चेंडू सरपटत लेमकडे गेला. त्याने उचलला आणि फेकला. तो सणसणत आला, थेट डिनीच्या छातीच्या रोखाने. फलंदाज अजून बराच मागे होता. डिनीने दोन्ही हात पुढे केले. बोटं मिटलीच नाहीत. चेंडू हातांतून निसटून बरगडीवर बसला आणि डिनी गुडघ्यांवर कोसळला.

लेम धावत आला. "फार लागलं का रे? म्हणून तर मी..."

डिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. हंगामभराचे ते सगळे मवाळ चेंडू त्याला आठवले. एकेक अलगद तळहातात येऊन बसलेला.

तेवढ्यात क्रोनिन पोचला. "पुन्हा फेक बिघडवली ना यानं?"

"नाही," डिनी उठत म्हणाला. "याला राहू दे, थॅड. घरी मी जातो."