कुकरचं गाणं

"वहिनी, भात कच्चा राहिलाय का हो?" म्युझिक कंपनीचे कामतसाहेब घास करकर चावत म्हणाले. आमच्या ह्यांना पुढचा अल्बम द्यायचा की नाही, हे ते आज ठरवणार होते.

"तीन शिट्ट्या मी स्वतः मोजल्यात!"

तेवढ्यात शेजारच्या टीव्हीवर तीन शिट्ट्या झाल्या. ह्यांचंच गाणं! हे गाणी रचतात आणि ठेक्यासाठी घरातली एक वस्तू सोडत नाहीत. गेल्या वर्षी माझ्या कुकरची शिट्टी गाण्यात घातली. गाणं तुफान चाललं, आणि तेव्हापासून अख्ख्या बिल्डिंगचा भात कच्चा.

गेला अल्बम हातचा, म्हणून मी कपाळाला हात लावला. हे मात्र ताटावरून उठले, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो साहेबांच्या गालाशी धरत म्हणाले, "साहेब, आता जरा ठेक्यात चावा!"