एक्केचाळीस नंबरची बाटली

फोन ठेवला तरी मुक्ता ओट्यापाशी तशीच उभी राहिली. एक्केचाळीस नंबरच्या बाटलीतल्या लघवीत कीटकनाशकाचा अंश बाकी मुलांच्या नऊपट निघाला होता. ते मूल कुणाचं, हे फोन करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या फ्राऊ बेरेन्सना ठाऊक नव्हतं. नंबर मुक्तानंच लावले होते. एक्केचाळीस म्हणजे उर्जा, तिची स्वतःची चार वर्षांची मुलगी. हा आपला नंबर पोरीला पाठ होता.

आणि गंमत बघा, उर्जाला तिनं घातलं होतं कुठे, तर 'स्वच्छ घरां'च्या यादीत! डॉक्टरेटसाठी ही बाई जर्मनीतल्या बॉबलिंगेनमधली दोनशे घरं पालथी घालून आईबापांना विचारत होती, फवारा मारता का, पावडर टाकता का, मूल जमिनीवर खेळतं का. स्वतःच्या घरचा फ्रागेबोगेन, म्हणजे तीच प्रश्नावली, तिनं चहा पिता पिता भरून टाकला होता. सगळीकडे 'नाही'वर फुली.

"आई, मुंग्यांवर काही मारलंत का तुम्ही घरात?"

"छे गं! फवारा तुला चालत नाही, एवढं कळतं मला." सासूबाई कणीक मळत होत्या. "मी आपला खडू ओढते."

"कसला खडू?"

त्यांनी हात पुसले आणि मसाल्याच्या डब्यामागून एक पेटी काढली. पांढराशुभ्र खडू, शाळेत असतो तस्सा. पुण्याहून बॅगेतून आला होता, मेतकुटाच्या पिशवीशेजारी. "वास नाही की काही नाही. पोरीला मुंगी चावली ना, तेव्हापासून तिच्या गादीभोवती रोज रेघ ओढते. तीही ओढते माझ्याबरोबर. चित्रं काय छान काढते!"

मुक्ता खोलीत धावली. फरशीवर एक घर होतं, सूर्य होता, मिशांचं मांजर होतं. मधोमध उर्जा बसली होती, एका हातात खडू आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात.

मुक्तानं तिला न्हाणीघरात नेऊन तिचे हात तीन-तीनदा साबणानं धुतले. मग बाहेर येऊन सासूबाईंवर उखडली. "विष आहे हो ते! मला सांगायचं तरी!"

"तू विचारलंस?" सासूबाई म्हणाल्या. "दोनशे घरी विचारत हिंडलीस. मी चार महिने इथेच होते की गं, या ओट्याशी." त्या खुर्चीवर बसल्या. "अगं बाई, शेजारच्या सुमेधालाही दिलाय मी. तिच्या जुळ्यांच्या खोलीत ओढते ती."

कपिल इतका वेळ दारात उभा होता. नवरा इंजिनियर, त्याचं डोकं लगेच चालू झालं. "हे बघ, सुमेधाला आपण सांगू. पण तिकडे लॅबमध्ये नको. सरकारी माणसं दारात येतील. मूल कसं सांभाळता म्हणून विचारतील, आईला विचारतील. आणि तुझा प्रबंध? फॉर्मवर सही तुझीच आहे ना?"

"अरे, पण पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक बॅगेत हा खडू असेल. मी लिहिलं नाही तर इथे कुणाला कळणारच नाही."

"ते आपण नंतर बघू."

फोन पुन्हा वाजला. फ्राऊ बेरेन्सच होत्या. एक्केचाळीस नंबरच्या घरी जाऊन नीट चौकशी करू या का, असं विचारत होत्या. मुक्तानं कपिलकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. मग ती जर्मनमध्ये बोलली, अगदी अस्खलित. चौकशीची गरज नाही. एक्केचाळीस नंबरची बाटलीच घाण होती, नमुना खराब झालाय. यादीतून काढून टाका. गेनाऊ, अगदी बरोबर. हो, मी बघते.

तिनं फोन ठेवला. कपिलनं सुटकेचा निःश्वास टाकला.

"काय म्हणाली गं तुझी आई?" सासूबाईंनी नातीला विचारलं. त्यांना जर्मनचं अक्षरही कळत नव्हतं.

उर्जानं तोंडातला अंगठा काढला. एरवी ही पोर मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आज आजीला कळावं म्हणून शब्द शोधून शोधून मराठीत बोलली.

"आई म्हणाली, माझी बाटली घाण होती." तिचे डोळे भरून आले. "नव्हती, आजी. मी नीट केली होती."